डोळा लागला की पाय निसटतो

ती. अक्काच्या पायांशी,

तुझ्या धाकट्याचा नमस्कार. वाकून केला आहे. (वाकताना कंबरेतून जो आवाज आला तो नमस्काराचाच भाग समजावा, त्याचे वेगळे अर्थ काढू नयेत.) तुझा खोकला एव्हाना गेला असेल, चष्म्याची डावी काच बदलून आली असेल आणि भाचा नि सूनबाई तुझं सगळं ऐकत असतील, निदान ऐकल्यासारखं करत असतील, असं धरून चालतो. आम्ही दोघं इथे बरे आहोत. तुझी भावजय दिवसभर शिवणयंत्रावर असते. लोकांचे कपडे आखूड करते, सैल करते आणि उरलेल्या वेळात मला उसवते. लेक नोकरीच्या गावी रुळली. तिच्या खोलीला आम्ही अजून 'तिची खोली' असंच म्हणतो, जरी मध्यंतरी तिथे दुसरंच कोणी झोपत होतं तरी. ते कोण आणि का, हे पुढे येईलच.

पत्र लिहिण्याचं कारण सांगायला मला जरा लाज वाटते, म्हणून एकदाच सांगून टाकतो. अक्का, मी पडतो. दचकू नकोस, हाड मोडलेलं नाही, खरचटलेलंसुद्धा नाही. मी झोपेत पडतो. पलंगावरून खाली नव्हे. पलंगावर मी असतो तिथेच असतो. डोळा लागतो, अंग सैल होतं, आता छान झोप येणार असं वाटतं आणि तेवढ्यात पायाखालची पायरी नाहीशी होते. जिना उतरताना अजून एक पायरी आहे असं समजून पाऊल टाकावं आणि ती नसावी, तसा पोटात खड्डा पडतो, हातपाय आपापल्या मर्जीने चार दिशांना जातात आणि मी टक्क जागा. सगळा प्रवास दोन सेकंदांचा. (लोकांना स्वप्नं पडतात. मला स्वप्नाची वाट पाहायलाही सवड मिळत नाही, त्याआधी मीच पडलेला असतो.)

हे दुसऱ्या कोणाला झालं असतं तर मी हसलो असतो. पण माझा धंदा तुला माहीत आहे. एकोणतीस वर्षं मी लिफ्टची देखभाल करतो. या एकोणतीस वर्षांत मी जेवढे स्क्रू पिळले नसतील तेवढ्या वेळा एक वाक्य म्हटलं आहे, 'अहो, लिफ्ट पडत नसते.' लग्नकार्यात माणसं माझ्याशी ओळख झाली की पहिल्यांदा हेच विचारतात, आणि मीही ताटावरचा हात थांबवून सांगतो, की एका लिफ्टला चार-पाच पोलादी दोर असतात, त्यातला एकटा एक दोरसुद्धा सगळी माणसं पेलू शकतो, आणि समजा सगळे तुटले तरी वेग वाढल्याबरोबर खालची पकड रुळांना अशी चावते की लिफ्ट जागची हलत नाही. लोकांचा जीव भांड्यात पडतो आणि ते जेवायला लागतात. असा माणूस मी. आणि मला स्वतःला ना दोर, ना पकड. रोज खाली.

पहिल्यांदा झालं ते एका रविवारी दुपारी. जेवण झालं होतं, मी सोफ्यावर आडवा झालो होतो, छातीवर वर्तमानपत्र होतं. तुझी भावजय शेजारी खाली बसून कोणाच्या तरी कोटाला टाचण्या लावत होती. माझा डोळा लागला, पायरी गेली, आणि उजवा पाय असा उडाला की टाचण्यांची डबी समोरच्या भिंतीवर जाऊन आपटली. डबी रिकामी झाली म्हणजे किती टाचण्या सांडतात हे आधी मला ठाऊक नव्हतं. आम्ही दोघांनी गुडघ्यांवर बसून तासभर वेचल्या. तिला वाटलं सगळ्या मिळाल्या. त्यानंतर दोन आठवडे उरलेल्या एकेक करून मलाच मिळत गेल्या, सगळ्या तळपायाला.  तिने फक्त 'झोपेत असं कोणावर धावून जात होतात?' एवढं विचारलं. मी म्हटलं, मी धावत नव्हतो, पडत होतो. तिने माझ्याकडे पाहिलं, सोफ्याकडे पाहिलं आणि टाचणी तोंडात धरून पुन्हा कामाला लागली.

मग हे रोजचं झालं. दिवसा आडवं व्हायची मी धास्तीच घेतली, त्यामुळे जे काही पडायचं ते रात्री, तिच्या शेजारी. माझा पाय तिच्या नडगीवर बसायचा. चौथ्या दिवशी तिने पाय वर घेऊन मला नडगी दाखवली. निळ्या रंगात इतक्या छटा असतात हे मला शिंप्याच्या घरात राहूनही कळलं नव्हतं. ती पडली कामाची बाई. तिने शिवणातून उरलेल्या सगळ्या चिंध्या भरून एक लांबलचक लोड शिवला आणि पलंगावर आम्हा दोघांच्या मधे घातला. त्या रात्री मी पडलो आणि लोड पलंगाखाली गेला. म्हणजे इतक्या दिवसांत खरोखर खाली पडलेला तो पहिलाच. दुसऱ्या दिवशी तिने गादीच जमिनीवर आणली आणि म्हणाली, 'आता बघू कुठे पडता.' प्रश्न बिनतोड होता. मीही निर्धास्त झोपलो. आणि अक्का, जमिनीवरून मी त्याच्याही खाली पडलो. टाच फरशीवर अशी आदळली की खालच्या मजल्यावरचे निवृत्त शास्त्रशिक्षक सकाळी वर आले आणि वरती व्यायाम सुरू केला आहे का, केला असल्यास वेळ बदलता येईल का, असं फार सभ्यपणे विचारून गेले.

मी त्यांना खरं काय ते सांगितलं. त्यांना आनंद झाला. ते खुर्ची ओढून बसले, आणि आपले पूर्वज झाडावर झोपायचे, तिथे अंग सैल पडलं की फांदीवरून खाली जायची भीती, म्हणून मेंदू अजूनही ऐन झोपेच्या उंबरठ्यावर हिसका देऊन जागं करतो, असं एक मत असल्याचं त्यांनी सांगितलं. मत पटण्यासारखं आहे की नाही ते मला समजत नाही, पण तुझी भावजय दारात उभी राहून ऐकत होती आणि तिला ते लगेच पटलं. 'यांच्या बाजूच्या लोकांना झाडावरून उतरायला जरा उशीर झाला असेल,' ती म्हणाली. ('यांच्या बाजूच्या' यात तूही येतेस, म्हणून कळवून ठेवतो.) त्याच संध्याकाळी तिने आपली उशी उचलली आणि ती लेकीच्या खोलीत झोपायला गेली. तर ते दुसरं कोणी म्हणजे ती.

डॉक्टरांकडेही जाऊन आलो. मी त्यांना सगळं तपशीलवार सांगितलं, कुठली पायरी, किती खोल, कोणता पाय. त्यांनी छाती ऐकली, डोळ्यांत उजेड टाकून पाहिला, आणि म्हणाले, 'काही नाही, हे सगळ्यांना होतं.' चहा कमी करा, वेळेवर झोपा, काही ताण आहे का. मी म्हटलं ताण कसला, चारही बाजूंनी छान चाललंय. बाहेर आलो तेव्हा बरं वाटायला हवं होतं, पण खरं सांगायचं तर अपमान झाल्यासारखं वाटलं. माणसाला वाटतं की बाकी काही नाही तरी आपलं दुखणं तरी आपलं असावं. तेही सगळ्यांचं निघालं.

एकटा झोपायला लागलो तशी झोप आणखीनच गेली. पडायच्या भीतीने मी डोळाच लागू द्यायचो नाही. पडल्या पडल्या जुन्या गोष्टी आठवायचो. आपण दोघं एका खाटेवर झोपायचो ते आठवलं. भिंतीकडची बाजू कायम माझी असायची आणि कडेला तू. त्या खाटेची कड तुटकी होती आणि सुंभ लोंबत होतं. मला तेव्हा वाटायचं की कडेची जागा मोठ्या माणसाच्या मानाची, म्हणून तू ती सोडत नाहीस, आणि त्यावरून मी तुझ्याशी भांडलोही होतो. आता चौपन्नाव्या वर्षी, रात्री छताकडे बघताना कळलं की ती मानाची नव्हती. काही गोष्टी माझ्या डोक्यात उजेड पाडायला वेळ घेतात. (तू म्हणशील, सगळ्याच.)

रात्री झोप नाही म्हटल्यावर ती दिवसा वसूल होणारच. आणि इथून पुढे जे झालं ते ऐकताना तू रागावू नकोस, कारण साहेब रागावून झालेले आहेत.

एक आठ मजली इमारत आहे, सगळी ऑफिसं आणि पाचव्या मजल्यावर एका दंतवैद्यांचा दवाखाना. तिथली लिफ्ट जुनी, माझ्याच वयाची म्हण. यंत्राची खोली गच्चीवर. त्या दिवशी एक सुटा भाग आणायला माझा जोडीदार बाजारात गेला होता, मी वरती एकटाच. काम थांबलेलं, खोली उबदार, मोटरची संथ गुरगुर, नुकतंच जेवण झालेलं. मी हत्यारांच्या पेटीवर बसलो, भिंतीला पाठ लावली आणि नुसते डोळे मिटून घेऊ म्हटलं. पायरी गेली. या खेपेला पाय नाही, हात उडाला, आणि भिंतीवरच्या मेन स्विचच्या दांड्यावर बसला. दांडा खाली आला. मोटरची गुरगुर बंद झाली. मी जागा झालो तो त्या शांततेने. एकोणतीस वर्षांत मी कधीच ती शांतता स्वतः केलेली नव्हती.

घाईघाईने दांडा वर केला तर आत फट्‌ असा आवाज होऊन फ्यूज गेला. नवा फ्यूज गाडीत, आणि गाडी घेऊन जोडीदार बाजारात. मोटरचं चाक हाताने फिरवून लिफ्ट मजल्याला लावता येते, पण त्याला दोन माणसं लागतात, एकाने ब्रेक उघडून धरायचा आणि दुसऱ्याने चाक. मी जोडीदाराला फोन केला. तो म्हणाला वीस मिनिटं. मी किल्ली घेतली आणि जिन्याने खाली धावलो. पाचव्या मजल्याचं दार हातभर उघडलं तेव्हा लिफ्ट मजल्याच्या चार फूट खाली उभी होती, आणि तीन चेहरे माझ्याकडे वर बघत होते. एक स्वतः दंतवैद्य. दुसऱ्या त्यांच्याकडे आलेल्या एक आजी, हातात कापडी पिशवी, गालात कापूस. आणि तिसरे त्या इमारतीचे व्यवस्थापक, ज्यांच्या सहीवर आमच्या कंपनीचं तिथलं काम दरवर्षी पुढे चालू राहतं. तीन माणसं अडकावीत आणि त्यात एक ते असावेत, याला माझं नशीब म्हणतात.

व्यवस्थापक हा सहा फुटी, भारदस्त माणूस. त्यांच्या आवाजाने इमारतीत दिवे लागतात असं लोक म्हणतात. ते लिफ्टच्या कोपऱ्यात खाली बसले होते आणि त्यांनी दंतवैद्यांच्या कोटाची बाही मुठीत धरली होती. चेहरा पांढरा, कपाळावर घाम. मला वर पाहताच म्हणाले, 'मला इथून काढा. मी त्या फटीतून चढतो.' मी म्हटलं, चढायचं नाही. अर्धं अंग बाहेर असताना वीज आली आणि लिफ्ट चालू झाली तर माणूस मधे सापडतो. लिफ्टमध्ये बसून राहण्याइतकं सुरक्षित दुसरं काही नाही. मग मी माझं नेहमीचं सुरू केलं, चार-पाच दोर, एकटा एक दोर सगळ्यांना पेलतो, खालची पकड. जन्मात पहिल्यांदाच त्याचा काही उपयोग झाला नाही. ते नुसते श्वास मोजत होते. 'पण मग ती थांबलीच का?' त्यांनी विचारलं. 'काहीतरी बिघडल्याशिवाय थांबेल का? आणि बिघडलंय तर पडेल का नाही?'

अक्का, येताना जिन्यात मी उत्तर तयार करून ठेवलं होतं. विजेचा दाब कमी-जास्त झाला, असं सांगायचं. कोणी तपासत नाही. नोकरी वाचते, काम टिकतं. पण त्या माणसाची ती मूठ पाहिली आणि माझ्या लक्षात आलं की विजेचं सांगितलं तर हा आणखी घाबरेल, कारण वीज पुन्हा कधीही कमी-जास्त होऊ शकते. लिफ्टमध्ये काहीच बिघाड नाही एवढं त्याला पटायला हवं होतं, आणि ते पटवायचं तर बिघाड कुठे आहे ते सांगणं भाग होतं. मी दारात पालथा पडलो, तोंड फटीजवळ नेलं आणि म्हणालो, 'साहेब, लिफ्ट ठणठणीत आहे. बिघाड माझ्यात आहे. मला वरती झोप लागली, झोपेत मी पडलो, आणि पडताना हात स्विचवर बसला.'

 मी मनातल्या मनात नोकरीचा निरोप समारंभ आटपत होतो. मग दंतवैद्यांनी हळूच विचारलं, 'पडलात म्हणजे, पायरी चुकल्यासारखं?'

'हो.'

'आणि पोटात खड्डा?'

'हो. तुम्हाला कसं कळलं?'

'मलाही होतं,' ते म्हणाले. दुपारी दवाखाना रिकामा असला की ते रुग्णाच्याच खुर्चीत पाय पसरून पडतात. मागे एकदा असेच पडले आणि लाथेने अवजारांचं ताट उडालं. बाहेर बसलेले दोन रुग्ण तो आवाज ऐकून उठून गेले ते परत आलेच नाहीत. हे त्यांनी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं.

मी व्यवस्थापकांकडे पाहिलं. त्यांनी बाही सोडली होती. ते आपल्या बुटांकडे बघत म्हणाले, 'मी गच्चीवरून पडतो. याच इमारतीच्या.' त्यांना वाटलं होतं की हे हृदयाचं आहे. घरच्यांना न सांगता ते दोनदा छातीचा आलेख काढून आले होते, दोन्ही आलेख चांगले निघाले, तरी कागद ऑफिसच्या कपाटात कुलपात ठेवले होते. एवढा मोठा माणूस, रोज रात्री आठ मजले उतरतो आणि सकाळी येऊन आम्हाला दरडावतो. मी त्यांना म्हटलं, डॉक्टर म्हणतात हे सगळ्यांना होतं. तर हेच वाक्य ऐकून मी चिडलो होतो, आणि त्यांचे डोळे भरून आले.

मग आजी बोलल्या. गालातल्या कापसामुळे त्यांचं बोलणं जरा जाड येत होतं. म्हणाल्या, 'मी तर लग्नाच्या आधीपासून पडते. आमच्या ह्यांना सवय झाली होती. मी दचकले की ते झोपेतच विचारायचे, पोचलीस का? मी म्हणायची, पोचले. की झालं, झोपायचो.' 

दंतवैद्यांनी विचारलं, आणि आता? 

'आता मीच विचारते, मीच सांगते,' आजी म्हणाल्या. 'काम काही अडत नाही. आवाज तेवढा बदलला.' आणि त्यांनी पिशवीतून एक रुमाल काढून व्यवस्थापकांना घाम पुसायला दिला.

जोडीदार आला, फ्यूज बसला, लिफ्ट चार फूट वर आली आणि तिघं बाहेर पडले. आजी माझ्या हाताला धरून उतरल्या. व्यवस्थापकांनी नोंदवहीत लिहिलं, 'लिफ्टमध्ये दोष नाही,' आणि सही केली. आमचं तिथलं काम कायम आहे. पण मी कंपनीत साहेबांना स्वतःहून सगळं सांगितलं. (दंतवैद्य म्हणाले होते सांगू नका. पण पुढच्या खेपेला त्या स्विचखाली कोण अडकलेलं असेल सांगता येत नाही.) साहेब तासभर बोलले. त्यातला पहिला पाऊण तास तुला लिहिण्यासारखा नाही. शेवटच्या पाव तासात त्यांनी मला या शनिवारपासून आठ दिवसांची रजा दिली, आणि 'झोपून ये' असं सांगितलं.

घरी येऊन तुझ्या भावजयीला हे जसंच्या तसं सांगितलं. आजींचंही सांगितलं. ती शिवणयंत्राला तेल घालत होती. तिने ऐकून घेतलं, यंत्र झाकलं आणि आत गेली. रात्री मी आडवा झालो तेव्हा तिची उशी माझ्या उशीशेजारी होती, आणि दोन्ही नडग्यांवर तिने जाड लोकरी मोजे चढवले होते.  थोड्या वेळाने डोळा लागला, पायरी गेली, पाय उडाला. अंधारातून आवाज आला, 'पोचलात?' मी म्हटलं, पोचलो. त्यानंतर मी सकाळी सातला उठलो. अजूनही पडतो, नाही असं नाही. पण पोचतोही.

तर असं सगळं आहे. तुला हसू आलं असेल तर चांगलंच आहे, त्यासाठीच लिहिलं. भाच्याला आशीर्वाद, सूनबाईंना आठवण सांग. तब्येतीला जप.

तुझा,
धाकटा

ता. क. वरचं सगळं खरं आहे, पण मला लिहायचं होतं ते हे नव्हे. अक्का, तू पडलीस ते मला ठाऊक आहे. मागच्या दारी, वाळलेले कपडे काढताना, ओल्या पायरीवर. पाव तास तशीच पडून होतीस, शेजारीण आली तेव्हा तिने उठवलं. हाड मोडलेलं नाही, सूजही उतरली. पण तेव्हापासून तू पलंग सोडत नाहीस, न्हाणीपर्यंत जायचं तर दोघांना धरून जातेस, आणि असंच आणखी महिनाभर गेलं तर पायांतली ताकदच जाईल असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलंय. दर रविवारी फोनवर तू म्हणतेस मी छान आहे, आणि मी म्हणतो वा. मला कळू द्यायचं नाही असं तू घरच्यांना बजावलं होतंस, म्हणून मला माहीत नसल्यासारखं करत होतो. ते आता जमत नाही. पडण्याबद्दल तुझ्याशी बोलायचं तर कुठून सुरुवात करावी ते कळेना, म्हणून माझ्याच पडण्यापासून केली. ती एवढी लांबेल असं वाटलं नव्हतं.

मी शनिवारी येतो. आठही दिवस राहतो. मी तुला चाल म्हणणार नाही, आणि पडणार नाहीस असंही सांगणार नाही. लिफ्टचं मी छातीठोक सांगू शकतो, माणसाचं नाही. मी नुसता शेजारी बसेन. तुला वाटलं तर खिडकीपर्यंत जाऊ. कडेच्या बाजूने मी चालेन.

ता. क. २. भाच्यावर चिडू नकोस. त्याने मला काहीही सांगितलेलं नाही. (त्याने मला असंच लिहायला सांगितलंय.)

वन्सं, तुमच्या भावजयीचा नमस्कार. पाकीट मी बंद करणार आहे, त्यामुळे हे त्यांच्या वाचनात येणार नाही. त्यांनी पाच पानं लिहिली, पण एक गोष्ट लिहायची राहिली की मुद्दाम गाळली ते त्यांनाच माहीत. तुम्ही पडल्याचं कळवायला तुमच्या मुलाचा फोन आला तो एका शनिवारी रात्री. हे पहिल्यांदा झोपेत पडले ते त्याच्या दुसऱ्याच दिवशी दुपारी. डॉक्टरांनी ताण विचारला तेव्हा मी शेजारीच बसले होते. मी काही बोलले नाही. चहा कमी केला.

शनिवारी ते अकरा वाजता तुमच्या दाराशी असतील. त्या वेळी घरात दुसरं कोणी नसेल अशी व्यवस्था मी तुमच्या मुलाशी आणि सूनबाईंशी बोलून केली आहे. दोघं दार ओढून बाजारात जातील, कुलूप आपोआप लागतं, ते आतून तुम्हालाच उघडावं लागेल. हे बेल वाजवतील आणि उभे राहतील. पलंगापासून दारापर्यंत वाटेत दोन खुर्च्या ठेवायला सांगितल्या आहेत, हव्या तेवढ्या वेळा बसा. त्यांना घाई नाही, रजा आठ दिवसांची आहे.